संगणकाचा वेग जातो कुठे?

यंत्र बंद पडले की त्याची तक्रार सोपी असते. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडद्यावर काही उमटत नाही. काय बिघडले ते नंतर कळेल, पण बिघडले आहे याबद्दल वाद नसतो. यंत्र नुसते हळू झाले तर मात्र पंचाईत होते. काम सगळे होत असते, उत्तरेही बरोबर येत असतात, फक्त ती उशिरा येतात. मग कोणी म्हणते यंत्र जुने झाले, कोणी म्हणते हा तुमचा भास आहे, आणि शेवटी नवे यंत्र विकत घेऊन प्रश्न मिटवला जातो. मी संगणकाच्या ज्या शाखेत काम करतो, तिथे अशा उशिराचा माग काढणे हे रोजचे काम आहे. त्यातल्या एकाच कोपऱ्याविषयी आज बोलतो. संगणकाच्या पोटात कोणाची पाळी कधी, हे ठरवणारा एक कारभारी असतो. त्याच्या चुकीमुळे यंत्र मंदावते, तेव्हा ती चूक शोधतात कशी?

आधी या कारभाऱ्याची ओळख करून घेऊ. त्याला शेड्युलर म्हणतात. तुम्ही फोनवर गाणे ऐकत असता, त्याच वेळी संदेश येतो, नकाशा चालू असतो, मागे कुठेतरी छायाचित्रे साठवली जात असतात. असे शेकडो कार्यक्रम एका वेळी जिवंत असतात. त्यांचे काम करणारे प्रोसेसरचे कोअर मात्र मोजकेच. साध्या फोनमध्ये बहुधा आठ. कोअर म्हणजे बँकेतली खिडकी समजा. खिडक्या आठ आणि गिऱ्हाइके शेकडो. शेड्युलर प्रत्येकाला काही मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही हजारांश, खिडकीशी उभे करतो, मग बाजूला घेतो आणि दुसऱ्याला पुढे करतो. हे इतक्या झपाट्याने चालते, की सगळी कामे एकदमच होत आहेत असे आपल्याला वाटते.

त्याच्यापुढे दोन प्रश्न सतत असतात. पुढची पाळी कोणाची, आणि ती कोणत्या खिडकीवर? दुसरा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मोकळी खिडकी दिसली की गिऱ्हाइकाला तिकडे पाठवावे, हे खरे. पण त्याचे कागद आधीच्या खिडकीवर काढून ठेवलेले असतात. कोअरच्या अगदी जवळ एक छोटी, वेगवान स्मृती असते आणि कार्यक्रमाला लागणारी माहिती तिथे जमलेली असते. कोअर बदलला की ती पुन्हा जमवावी लागते. म्हणजे हलवले तरी खर्च, न हलवले तरी खर्च. हा हिशेब शेड्युलरला सेकंदाला हजारो वेळा मांडावा लागतो, आणि हिशेबावरच फार वेळ घालवला तर कामाचा वेळ त्यातच जातो.

आता या हिशेबाच्या नियमांत सुधारणा होत राहतात. नवी आवृत्ती येते आणि कधी कधी सुधारणेनंतरच एखादे काम आधीपेक्षा हळू होऊ लागते. आमच्या बोलण्यात त्याला रिग्रेशन म्हणतात. मराठीत पीछेहाट म्हणू. मी उदाहरणे लिनक्स या प्रणालीची घेणार आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. तिचा गाभा आज अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि इंटरनेट चालवणाऱ्या असंख्य मोठ्या यंत्रांतही आहे. शिवाय तिचे कामकाज उघड्यावर चालते. कोणी काय बदलले, कोणी तक्रार केली, शेवटी काय ठरले, याची नोंद कोणालाही पाहता येते. इतर प्रणालींनाही हेच आजार होतात. फक्त त्यांची केसपेपरची फाइल आपल्याला वाचायला मिळत नाही.

पीछेहाटीची तक्रार आली की पहिला प्रश्न असा, की खरेच वेग कमी झाला आहे का? हा प्रश्न उर्मटपणाचा वाटेल, पण तो टाळता येत नाही. एकच चाचणी एकाच यंत्रावर दहा वेळा घ्या, दहा वेगळे आकडे येतील. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. पहिल्या खेपेला माहिती डिस्कवरून आणावी लागते, दुसऱ्या खेपेला ती स्मृतीत तयार असते. मागे कुठलेतरी दुसरेच काम सुरू झालेले असते. म्हणून जुनी आणि नवी आवृत्ती एकाच यंत्रावर, सारख्याच परिस्थितीत, पुन्हा पुन्हा चालवून पाहावी लागते. आकडे आपणहून पाच टक्के खालीवर होत असतील, तर एकाच चाचणीत दिसलेल्या तीन टक्क्यांच्या घसरणीला काही अर्थ नसतो.

दुसरी फसवणूक सरासरीची. समजा, तुम्ही टंकलेखन करता आहात. नव्व्याण्णव अक्षरे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उमटली आणि एका अक्षराला दोन सेकंद लागले. सरासरी काढली तर ती साधारण चार शतांश सेकंद येते, म्हणजे उत्तम. पण माणसाच्या लक्षात राहतात ते अडकलेले दोन सेकंद. म्हणून जाणकार सरासरीबरोबर सर्वांत उशिरा झालेली कामेही पाहतात, शंभरातले सर्वांत वाईट एक, हजारातले सर्वांत वाईट एक.

काय मोजायचे यावरून लिनक्सच्या जगात मोठा वाद झाला होता. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास हे पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर. प्रोग्रॅमिंग हा त्यांचा छंद. त्यांचे म्हणणे असे, की मोठमोठ्या यंत्रांवर एका तासात किती काम उरकले हे सगळे मोजतात. पण घरच्या टेबलावर बसलेल्या माणसाची खिडकी सरकवताना अडखळते, गाणे मध्येच तुटते, हे कोणी मोजत नाही. ते मोजण्यासाठी त्यांनी स्वतः चाचण्या लिहिल्या आणि सर्वांना न्याय्य वाटा देणारा शेड्युलरही लिहिला. तो लिनक्समध्ये घेतला गेला नाही. २००७ साली इंगो मोल्नार यांचा, त्याच न्याय्य वाट्याच्या कल्पनेवर उभारलेला शेड्युलर स्वीकारला गेला, आणि कोलिव्हास यांच्या कामाचे ऋण मोल्नार यांनी मान्यही केले. या शेड्युलरची कल्पना सुबक होती. कोणाला आतापर्यंत किती वेळ मिळाला याची वही ठेवायची आणि ज्याला सर्वांत कमी मिळाला त्याला पुढे बोलवायचे. पुढे सोळा वर्षे हाच कारभारी होता.

घसरण खरी आहे असे ठरले, की दुसरा प्रश्न येतो तो केव्हापासूनचा. लिनक्सच्या दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये नऊ-दहा आठवड्यांचे अंतर असते आणि तेवढ्यात दहा हजारांच्या आसपास बदल होतात. त्यातला दोषी कोणता? एकेक तपासत बसलो तर वर्ष जाईल. इथे शब्दकोशात शब्द शोधण्याची युक्ती कामाला येते. बदलांच्या रांगेच्या बरोबर मध्यावरची आवृत्ती घ्यायची आणि चाचणी करायची. वेग चांगला असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट असेल तर मागच्या अर्ध्यात. मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. दहा हजार बदल असले तरी अशा चौदा चाचण्यांत नेमका बदल हाती येतो. बदलांची नोंद ठेवण्यासाठी टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या साधनात ही सोय आहे. मात्र मघाशी सांगितलेली खबरदारी इथे फार महत्त्वाची ठरते. चौदापैकी एका वळणावर जरी चांगल्याला वाईट म्हटले, तरी पुढचा सगळा शोध चुकीच्या गल्लीत जातो.

२०१२ सालचे एक प्रकरण याचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. त्या सप्टेंबरमध्ये लिनक्सची ३.६ ही आवृत्ती प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर होती. चाचणीसाठी दिलेल्या प्रतीवर एका वापरकर्त्याने पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवून पाहिला आणि कळवले, की वेग पंधरा ते वीस टक्क्यांनी घसरला आहे. डेटाबेस म्हणजे बँकेची खाती, तिकिटांची आरक्षणे अशा नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर. तिथे वीस टक्के म्हणजे चार यंत्रांत होणाऱ्या कामाला पाचवे यंत्र घेण्याची पाळी. दुसऱ्या एका तज्ज्ञाने आपल्या यंत्रावर तीच घसरण पुन्हा घडवून दाखवली, अर्धे-अर्धे करत शोध घेतला आणि बोट एका बदलावर आले.

तो बदल वाईट हेतूने किंवा गलथानपणे केलेला नव्हता. झोपलेला कार्यक्रम जागा झाला की त्याच्यासाठी मोकळा कोअर शोधावा लागतो. प्रोसेसरमध्ये कोअर वाढत गेले तसा हा शोध महाग होऊ लागला, आणि कार्यक्रम या कोअरवरून त्या कोअरवर उड्या मारू लागले. म्हणून ठरले, की सगळीकडे शोधत बसू नये. प्रत्येक कोअरला एक सोबती ठरवून द्यावा आणि फक्त तो मोकळा आहे का एवढेच पाहावे. काही कामांना त्याचा फायदा होत होता. पोस्टग्रेसला मात्र फटका बसला. सोबती कामात असेल तर दूरची मोकळी खिडकी नजरेलाच पडेना, आणि नुकतीच जागी झालेली प्रक्रिया दुसऱ्या कोणाला तरी उठवून त्याच्या जागी बसू लागली.

ज्याला उठवले त्याच्या हातात किल्ली असेल तर काय होते? अनेक प्रक्रिया एकाच वहीत लिहितात, म्हणून वहीच्या कपाटाची किल्ली एका वेळी एकाकडेच असते. इतर जण ‘सुटली का, सुटली का’ असे विचारत खिडकी अडवून उभे राहतात. किल्ली पटकन सुटणार असेल तर हे ठीकच आहे. पण किल्लीवाल्यालाच शेड्युलरने बाजूला बसवले, तर बाकीचे सगळे नुसते विचारत राहतात. कोअर शंभर टक्के व्यग्र दिसतात आणि काम पुढे सरकत नाही. पोस्टग्रेसच्या बाबतीत असेच होत असावे, असा एका जाणत्या शेड्युलर-लेखकाचा कयास होता. टोरवाल्ड्स यांनी पुराव्याची वाट पाहिली नाही. तपशील पुरते कळलेले नाहीत असे नोंदवून त्यांनी तो बदलच मागे घेतला, आणि ३.६ आवृत्ती त्याशिवाय बाहेर पडली. कालपर्यंत नीट चालणारे वापरकर्त्याचे काम आज बिघडता कामा नये, कारणमीमांसा सवडीने करता येते, हा त्यांचा दंडक.

पण प्रत्येक वेळी असा दोषी बदल हाती लागत नाही. काही चुका इतक्या जुन्या असतात, की ‘आधी चांगले होते’ असे म्हणायला आधीचे कोणाला आठवतच नाही. मग तिसरा प्रश्न विचारावा लागतो, की वाट कोण पाहते आहे आणि कशासाठी? फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ साली लंडनच्या एका परिषदेत या विषयावर निबंध वाचला. वाया गेलेल्या कोअरचे दशक, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्यांनी एक साधा नियम धरला: एका खिडकीपुढे रांग असताना दुसरी खिडकी रिकामी राहता कामा नये. नियम इतका उघड आहे, की तो पाळला जातो की नाही हे तपासावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्यांनी तपासले. चौसष्ट कोअरच्या यंत्रावर दर सेकंदाला पाहायचे, की कुठे रांग आणि कुठे मोकळा कोअर अशी स्थिती आहे का. असली तर लगेच गवगवा करायचा नाही, कारण क्षणभर असे होणारच. एक दशांश सेकंद थांबायचे, आणि तरीही ती टिकून राहिली तरच नोंद करायची. सोबत, कोणत्या क्षणी कोणत्या कोअरपुढे किती जण उभे होते, याचे रंगीत चित्र काढायचे.

नेहमीच्या साधनांनी जे दिसत नव्हते ते या चित्रांत दिसले. शेड्युलरमध्ये चार वेगवेगळे दोष निघाले. काही कोअर सेकंद-सेकंद रिकामे बसत होते आणि शेजारी कामे ताटकळत होती. एका प्रसिद्ध व्यापारी डेटाबेसचे काम त्यामुळे चौदा ते तेवीस टक्क्यांनी कमी होत होते. सर्वांत विलक्षण दोष असा होता: चालू यंत्रातला एक कोअर बंद करून पुन्हा सुरू केला, की त्यानंतर कोअरच्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे काम पाठवणेच थांबत असे. आठ गटांच्या यंत्रावर सुरू केलेला कार्यक्रम एकाच गटात कोंबला जाई आणि बाकीचे सात गट हात बांधून बसत. एक शास्त्रीय गणिताचा कार्यक्रम त्यामुळे तब्बल १३८ पट हळू झाला. कोअर आठपट कमी मिळाले, तर वेग आठपटच कमी व्हायला हवा ना? इथे पुन्हा किल्लीचीच गोष्ट आहे. दाटीवाटीत ज्याची सर्वांना गरज आहे तोच रांगेत अडकतो, आणि इतर जण त्याची वाट पाहण्यातच आपली पाळी खर्च करतात. या दोषाचे मूळ एवढेच होते, की जुन्या प्रोग्रॅमची साफसफाई करताना एका ठिकाणची एक आज्ञा गळली होती.

आता अगदी वेगळ्या जातीचे एक प्रकरण सांगतो. मोठ्या यंत्रावर अनेकांची कामे एकत्र चालतात, म्हणून प्रत्येकाला वेळेची मर्यादा घालून देतात: दर शंभर मिलिसेकंदांत तुला इतकाच प्रोसेसर मिळेल, संपला की पुढच्या फेरीपर्यंत थांब. २०१८ नंतर काही ठिकाणी चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. कार्यक्रम आपला पूर्ण वाटा वापरत नव्हते, तरीही वाटा संपला म्हणून त्यांना थांबवले जात होते. नोकऱ्या शोधून देणाऱ्या इंडीड या संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी त्याचा छडा लावला.

हे समजायला कचेरीतल्या किरकोळ खर्चाची पेटी डोळ्यांसमोर आणा. पेटीत रोज शंभर रुपये असतात. कारकून पेटीतून पाच रुपये उचलतो, लागेल तेवढे खर्च करतो आणि उरलेले परत करतो. पण एक रुपया हाताशी राहू देतो. संध्याकाळी तो शिल्लक रुपया बाद होतो. एक-दोन कारकून असतील तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण कारकून ऐंशी असतील तर? शंभरातले ऐंशी रुपये खर्च न होताच संपतात, आणि खजिनदार म्हणतो, आजचे पैसे संपले. ऐंशी कोअरच्या यंत्रावर वेळेचे हेच होत होते.

मग हे २०१८ मध्येच का उघड झाले? कारण ‘संध्याकाळी रुपया बाद’ हा नियम कागदावर होता, पण २०१४ पासून एका वेगळ्या चुकीमुळे तो अमलातच येत नव्हता. एक चूक दुसरीला झाकत होती. २०१८ मध्ये कोणीतरी ती वेगळी चूक योग्य रीतीने दुरुस्त केली, आणि त्याबरोबर झाकलेला नियम जागा झाला. अर्धे-अर्धे करून शोधले असते तर बोट या दुरुस्तीवर पडले असते, पण ती रद्द करणे हे उत्तर नव्हते. २०१९ मध्ये रुपया बाद करण्याचा नियमच काढून टाकण्यात आला, आणि एका चाचणीत ऐंशी कोअरच्या यंत्रावर जवळजवळ तीसपट सुधारणा दिसली. म्हणून मी नेहमी सांगतो, की कोणत्या बदलानंतर बिघडले ते समजणे म्हणजे का बिघडले ते समजणे नव्हे. पहिले उत्तर चौदा चाचण्यांत मिळते. दुसऱ्यासाठी वाट पाहणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे लागते.

तुम्ही विचाराल, एकदाचा निर्दोष शेड्युलर लिहून हा विषय संपवत का नाहीत? संपणार नाही, याची कारणे या गोष्टींतच आहेत. एकाच्या फायद्याचा नियम दुसऱ्याच्या तोट्याचा ठरतो, आणि प्रोसेसरची घडण दर काही वर्षांनी बदलते. मोल्नार यांच्या शेड्युलरची जागा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, लिनक्सच्या ६.६ आवृत्तीत, एका नव्या पद्धतीने घेतली. कोणाला किती मिळाले याबरोबर कोणाचे काम कधीपर्यंत व्हायला हवे, याचाही विचार ती करते. तिची मूळ कल्पना १९९५ सालच्या एका संशोधनातली आहे. ती आल्यावरही काही डेटाबेसची कामे मंदावल्याच्या तक्रारी आल्या आणि पुन्हा मोजमाप सुरू झाले. हे असेच चालायचे.

या सगळ्यात सर्वसामान्य माणसाचे काय, असे वाटणे साहजिक आहे. शेड्युलरच्या चुकीने यंत्र धूर सोडत नाही, पडद्यावर सूचनाही येत नाही. त्याची किंमत मात्र कोणीतरी मोजत असतेच. रिकामा बसलेला कोअरही थोडीफार वीज घेतो. पाच यंत्रांचे काम सहा यंत्रांवर करावे लागले, तर त्या सहाव्याचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात येतात. आणि धडधाकट फोन ‘जुना झाला’ म्हणून टाकून दिला जातो. यंत्र जुने होते हे खरे. पण काल रात्री नवी आवृत्ती बसली आणि आज सकाळी ते हळू झाले, तर एका रात्रीत ते म्हातारे झाले असे समजू नका.

असा अनुभव आला तर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणते काम हळू झाले, किती झाले, आणि त्याआधी काय बदलले. २०१२ मध्ये त्या वापरकर्त्याने तेवढेच लिहून कळवले होते. त्याला कारण ठाऊक नव्हते, आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हते. त्याने आकडे दिले म्हणून आवृत्ती बाहेर पडण्याआधी दोष सापडला, आणि जगभरच्या कितीतरी यंत्रांचा पुढचा त्रास वाचला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)